लोभ आहे, तेवढाच असावा

पत्रपेटीत सहसा विजेचं बिल असतं, नाहीतर कुठल्यातरी क्लासचं पत्रक. त्या दिवशी पोस्टकार्ड होतं. पोस्टकार्ड म्हटलं की आमच्या घरात अजून आधी 'कोण गेलं?' असं विचारतात, म्हणून मी ते वर न नेता जिन्यातच वाचलं. निळी शाई, वळणदार अक्षर, डावीकडे समास सोडलेला.

'जा. क्र. ४१२. सा. न. वि. वि. लिंक्डइन या संकेतस्थळावरून आपण केलेली जोडणीची विनंती पोचली. आभारी आहे. आपण व मी रोज सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना भेटतो. गेल्या गणपतीत आपण आमच्याकडून नेलेली खवणी अद्याप आपल्याकडेच आहे. याहून अधिक जोडणी उभयपक्षी सोसेल असे वाटत नाही. सबब आपली विनंती नाकारीत आहे. राग नसावा. लोभ आहे, तेवढाच असावा. कळावे. ता. क. खवणी सवडीने परत करावी.'

पत्ता आमचा. पाठवणाऱ्याचा पत्ताही आमचाच, फक्त मजला वेगळा. अण्णा पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मधे चौदा पायऱ्या. पण कार्ड अण्णांच्या हातून लाल पेटीत गेलं होतं, टपालखात्याचा शिक्का खाऊन तिसऱ्या दिवशी त्याच ४११०३० मध्ये, त्याच जिन्यात परत आलं होतं. पन्नास पैशांत एवढा प्रवास दुसरं काही करत नाही.

झालं होतं असं. रविवारी रात्री झोप येईना म्हणून मी मोबाईलवर लिंक्डइन चाळत पडलो होतो. 'तुम्ही कदाचित यांना ओळखत असाल' या सदरात अचानक अण्णा आले. कदाचित! या माणसाच्या घरी आज फोडणीला लसूण आहे की हिंग, हे मला दार न उघडता कळतं. फोटो कुणाच्यातरी लग्नातला होता. कपाळावर फेट्याची कड, खांद्यावर परका हात, हाताचा मालक कापून टाकलेला. आणि नावाखाली जिथे आम्ही लोक 'परिणामकारक नेतृत्वाची आवड' वगैरे लिहितो, तिथे अण्णांनी चक्क पाटी लावली होती: 'ओळख असल्यास विनंतीची गरज नाही. ओळख नसल्यास विनंतीचा उपयोग नाही. दुपारी १ ते ४ संदेश पाठवू नयेत.' चितळ्यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून ही वेळ निष्ठेनं पाळणारे पुण्यात अण्णाच उरले असावेत. मला हसू आलं आणि हसता हसता बटण दाबलं गेलं. त्याची किंमत खवणी.

सदाशिव पेठेत, पेरूगेटापासून हाकेच्या अंतरावर आमची ही तीन मजली इमारत. अण्णा मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं होते, खरेदी खात्यात. खरेदी खात्यातला माणूस खरेदी करतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. अण्णा म्हणतात, खरेदी म्हणजे मुख्यतः नाही म्हणण्याचं काम. साध्या बोल्टसाठीही तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराला पर्चेस ऑर्डर द्यायची. म्हणजे एक ऑर्डर निघाली की दोन रिग्रेट लेटरं निघालीच पाहिजेत. प्रत्यक्षात ती कुणी काढत नसे. ज्याला ऑर्डर मिळाली नाही त्याला ते आपोआप कळतंच की! अण्णांना हे 'आपोआप' मान्य नव्हतं.

'अरे, त्यानं ड्रॉइंग वाचलं असेल, टायपिंगला पैसे मोजले असतील, रात्री बायकोला सांगितलं असेल की मोठ्या कंपनीत कोटेशन टाकलंय. तो रोज पोस्टमनची वाट बघणार आणि आपण गप्प बसणार? हलकटपणा आहे हा.'

म्हणून अण्णा प्रत्येकाला लिहीत. आवक-जावक वहीत नोंद करून, क्रमांक घालून. पिंपरीपासून भोसरीपर्यंतच्या कितीतरी छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या फायलीत अण्णांच्या सहीचा नकार असणार. त्यांच्या निरोपसमारंभाला पुरवठादार आले होते, त्यात निम्मे असे होते की ज्यांना अण्णांनी जन्मात ऑर्डर दिली नव्हती. साहेबांनी भाषणात याचा उल्लेख विनोद म्हणून केला. अण्णा हसले नाहीत.

निवृत्तीनंतर पुतणीनं खातं उघडून दिलं. काकांनी खरेदी सल्लागार म्हणून काम करावं, अशी तिची कल्पना. काकूंची कल्पना, त्यांनी दिवसातून चार तास तरी कशात तरी गुंतावं. दोन दिवसांत पहिली विनंती आली, कुठल्याशा विमा एजंटाची. पुतणीनं दाखवलं, 'हे बघा काका, इथे ॲक्सेप्ट, इथे इग्नोअर.'

'नाही म्हणायचं बटण कुठंय?'

'नसतं. इग्नोअर म्हणजेच नाही.'

'ते दाबल्यावर त्याला काय कळतं?'

'काही नाही. त्याच्याकडे पेंडिंग दिसत राहतं.'

'किती दिवस?'

'सहा महिने. मग आपोआप जातं.'

अण्णांनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. 'म्हणजे माणूस दारात उभा, बेल वाजवतोय, आणि आपण आत दिवा मालवून पडद्याआडून बघतोय. सहा महिने! ही तुमची अमेरिकन सभ्यता?'

इथे पुण्याच्या वतीनं एक शब्द बोलतो. पुण्यात लोक दार अर्धंच उघडतात, साखळी काढत नाहीत आणि 'काय आहे?' असं विचारतात, अशी आमची बदनामी आहे. पण उघडतात, हे कुणी ध्यानात घेत नाही.

आणि नकाराचं आपल्याकडे केवढं शास्त्र होतं! मासिकाकडे कथा पाठवायची ती आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडून. आपल्याच नकाराचा टपालखर्च आपणच भरायचा. संपादक त्याच पाकिटातून 'साभार परत' पाठवायचे. आभार कसले, ते कधी कळलं नाही, पण शब्द होता. लग्न जमवतानाही तसंच. मुलाचा पगार, मुलीची उंची, सासूचा आवाज, यांतलं काही पसंत पडलं नाही तरी उत्तर एकच जायचं: पत्रिका जुळत नाही. सगळा दोष मंगळावर. मंगळ कधी अपमान मानून घेत नाही आणि दोन्ही घरं पुढच्या हळदीकुंकवाला एकमेकींकडे जायला मोकळी. चारशे वर्षं या गावानं मायन्यापासून 'कळावे'पर्यंत पत्रं लिहिली. पुराभिलेखागारात त्या मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवले आहेत. त्या गावच्या माणसाला सांगायचं, की नुसतं गप्प बस?

तर त्या विमा एजंटाला उत्तर गेलं. त्याच्या कंपनीचा पत्ता अण्णांनी शोधून काढला आणि पोस्टकार्ड टाकलं: 'माझा विमा पिकला. आता मी पिकण्याच्या बेतात आहे. या वयात नवी जोखीम आपण घेऊ नये व मीही.' अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याची आवक-जावक वही आली. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. जावक क्रमांक १, तो हा एजंट.

ही वही मी पाहिली आहे. कपाटात फडक्यात बांधून ठेवलेली असते आणि गाठ सोडायचा मान फक्त अण्णांचा. त्यातले काही नमुने परवानगीनं उतरवून घेतले.

एका गृहस्थांनी आपण दहा हजार लोकांचं आयुष्य बदललं असं लिहून विनंती धाडली होती. अण्णा: 'अभिनंदन. माझे बदलू नये.'

एक क्लाउड इव्हँजेलिस्ट होते. अण्णांनी शब्दकोशात अर्थ पाहिला आणि सविनय कळवलं, की आमचं कुलदैवत ठरलेलं असून बदलण्याचा विचार नाही. ढगांबद्दल वेधशाळेकडे विचारणा करावी.

एका ग्रोथ हॅकरला त्यांनी पत्र पाठवलंच नाही, फक्त वहीत शेरा मारला: 'स्वतःच कबूल करतो आहे. सावध.'

मुळशीकडचे एनए प्लॉट विकणाऱ्यांना छापील म्हणावं असं एकच उत्तर जातं: 'सातबारा उतारा पाठवावा, मग ओळख वाढवू.' असे सतरा जण झाले. उतारा एकाचाही आला नाही.

आणि ती मनुष्यबळ कंपनीतली बाई, 'आपल्या प्रोफाइलने आम्ही प्रभावित झालो आहोत' असं जिनं लिहिलं होतं. अण्णांनी तिला प्रामाणिकपणे विचारलं, की प्रोफाइलात मी एक पाटी सोडून काहीच लिहिलेलं नाही, तरी नेमकं कशानं प्रभावित झालात ते कळवावं. बाईंचा फोन आला. त्या इतक्या हसत होत्या की काकूंना वाटलं चुकीचा नंबर लागला.

ज्यांच्या विनंतीसोबत चार ओळींचा मजकूर असतो त्यांना अण्णा सहसा तिथल्या तिथे उत्तर देतात. विनंती न स्वीकारताही तेवढं करता येतं, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मजकूर नसलेल्यांना कार्ड. नाकारूनही तिसऱ्यांदा विनंती करणाऱ्याला पूर्वी रजिस्टर एडी जायचं. २०२५ साली टपालखात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा अण्णा दोन दिवस घरात बोलले नाहीत. 'नकार स्पीडनं पाठवायचा असतो का?' एवढंच म्हणाले.

त्यांच्या तावडीतून खुद्द लिंक्डइनही सुटलेलं नाही. पूर्वी त्या साइटवर 'मी या व्यक्तीस ओळखत नाही' असं एक बटण असे. अण्णांना ते मनापासून आवडलं. सत्य, थोडक्यात, सही करण्याजोगं. आठवडाभर त्यांनी ते मुक्तहस्ते वापरलं. मग पुतणीनं सांगितलं, की असे काही शेरे जमा झाले की पाठवणाऱ्याच्या खात्यावर निर्बंध येतात. अण्णांचा चेहरा पडला. 'मी ओळखत नाही म्हणालो. वाईट आहे असं कुठं म्हणालो?' त्या आठवड्यातल्या नऊ जणांना दिलगिरीची कार्डं गेली. त्यांतल्या दोघांना मुळात आपण काही केलं होतं हेच आठवत नव्हतं.

अमेरिकेतला लिंक्डइनवरचा एक खटला मात्र त्यांनी कात्रण करून ठेवला आहे. कंपनीनं आपल्या मेलमधल्या पत्त्यांवर आपल्याच नावानं आमंत्रणं पाठवली, वर स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रं पाठवली, अशी तक्रार तिथल्याच वापरकर्त्यांनी केली होती. कोर्टाचं म्हणणं पडलं, की पहिल्या आमंत्रणाला वापरकर्त्याची संमती होती, पुढच्या स्मरणपत्रांना नव्हती. २०१५ साली कंपनीनं एक कोटी तीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. अण्णा ते कात्रण वाचून दाखवताना उभे राहतात. 'एकदा बोलावणं म्हणजे आमंत्रण. दुसऱ्यांदा आठवण. तिसऱ्यांदा तगादा. हे आमच्या आजीला माहीत होतं. त्यांना कळायला कोर्टात जावं लागलं.'

त्यांच्या आजीला बरंच माहीत असावं. मी एकदा विद्वत्ता दाखवायला रॉबिन डनबर या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं सांगितलं. वानरकुळातल्या प्राण्यांच्या मेंदूचा आणि कळपाचा आकार ताडून त्यांनी नव्वदच्या दशकात हिशेब मांडला, की माणूस साधारण दीडशेच संबंध नीट सांभाळू शकतो. अण्णांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली.

'माझ्या मुंजीत दीडशे पानं उठली. त्यांतली चाळीस आईला ओळखू आली नाहीत. तुझ्या त्या साइटवर किती चालतात?'

'तीस हजारांपर्यंत.'

'त्यांना जेवायला वाढायचं नसतं ना, म्हणून.'

ही साइट ५ मे २००३ला सुरू झाली आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं ती २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली, हे ऐकल्यावर अडकित्ता थांबला. 'म्हणजे ओळखीच्या लोकांची वही विकली? लोकांनी स्वतःच भरून दिलेली?' मग बराच वेळ आपल्या फडक्यातल्या वहीकडे बघत राहिले. माझा अंदाज, तिची किंमत करत असावेत.

अण्णांच्या खात्यावर जोडण्या किती, तर एक. पुतणी. तिनं खातं उघडलं त्याच दिवशी स्वतःच स्वीकारून टाकलं होतं. 'हिलाही काढावं का? ती तर घरचीच आहे,' असं अण्णांनी एकदा विचारलं. काकूंनी नुसतं बघितलं. ती राहिली.

माझ्या खात्यावर तेव्हा दोन हजार तीनशे होते आणि मला त्याचा थोडा अभिमान होता. हिंजवडीला जाताना रोज बसमध्ये मी पंचवीस-तीस जण जोडत असे. कोण, कुठले, काय करतात, हे बघायची पद्धत नव्हती. लोक रद्दी जमवतात तसा मी माणसं जमवत होतो, आणि रद्दीवाला कधीतरी येईल असा विश्वास होता.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी नोकरी गेली. सकाळी दहाला व्हिडिओ कॉल, सव्वादहाला लॅपटॉप बंद. मी फोटोभोवती ते हिरवं वेटोळं लावलं, 'काम शोधतो आहे' म्हणून लिहिलं. चारशेवर लाइक आले. ऐंशीएक जणांनी खाली लिहिलं, की ही पोस्ट पुढे पोचावी म्हणून कॉमेंट करतो आहे. ती पुढे कुठे पोचली मला माहीत नाही. मागे वळून कुणी आलं नाही.

चौथ्या दिवशी अकरा वाजता मी जिन्यात उभा होतो. अकरा वाजता जिन्यात उभा असलेला आयटीवाला बघून अण्णांना काय कळायचं ते कळलं. काही विचारलं नाही. आत गेले. पंधरा मिनिटांनी वर आले, हातात फूलस्केप. त्यावर सहा नावं, हुद्दे, फोन नंबर, आणि प्रत्येकापुढे जावक क्रमांक व तारीख.

'या सगळ्यांना मी नकार दिलेला आहे,' अण्णा म्हणाले. 'माझं नाव सांग. विसरले नसतील.'

मग दोन पायऱ्या उतरून थांबले. 'आणि ती खवणी राहू दे सध्या.'

सहापैकी पाच जणांनी माझा फोन पहिल्याच वेळी उचलला. सगळ्यांना कार्ड आठवत होतं. एकाच्या केबिनमध्ये ते फ्रेम करून लावलेलं आहे, हे मी पुढे मुलाखतीला गेलो तेव्हा पाहिलं. 'माझे बदलू नये.' होय, तेच गृहस्थ. आयुष्य बदलण्याचं काम ते फक्त शनिवार-रविवारी करतात, एरवी बाणेरला त्यांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. नोकरी मात्र मला त्या हसणाऱ्या बाईंनी मिळवून दिली.

अण्णांकडे संध्याकाळी कोण येतं हे तोवर मी कधी नीट पाहिलं नव्हतं. म्हणजे दिसायचे पोरं-पोरी, वाटायचं क्लास घेतात. पहिला आला तो बीडचा. मेकॅनिकल डिप्लोमाचा विद्यार्थी, भरत नाट्य मंदिराच्या मागच्या बोळात कॉट बेसिसवर राहायचा. त्यानं कुठूनतरी उचललेल्या इंग्रजी मजकुरासह अण्णांना विनंती पाठवली होती. अण्णांनी नकार लिहिला दीड पान. त्यात एक परिच्छेद नकाराचा, बाकी त्याच्या बायोडेटातल्या चुका, लाल शाईत, क्रमवार. 'पॅशनेट' हा शब्द चार वेळा आला आहे, एकदाही कशाबद्दल ते नाही. लेथवर तुम्ही स्वतः काय कातलं, ते लिहा. तो मुलगा पत्र घेऊन थेट दारात.

काकू ते दृश्य अजून सांगतात. साखळी लावलेलं दार, बाहेर घामाघूम मुलगा, हातात अण्णांचं पत्र.

'सर, तीनशे जणांना रिक्वेस्टी टाकल्या बघा,' तो म्हणाला. 'समदे हो म्हणले. बोललं मातर कुणीच न्हाई. तुमी एकट्यानं न्हाई म्हणलं अन् दीड पान लिवलं.'

साखळी निघाली. पोहे झाले. बायोडेटा तीनदा लिहून झाला. तो आता चाकणला आहे, दिवाळीला चिवड्याचा डबा परत करायला येतो आणि दर वेळी एकच विचारतो, 'सर, आता तरी ॲक्सेप्ट करा की.'

'आता कशाला? आता ओळख झाली.'

या तर्कातून सुटका नाही. अनोळखी आहात, म्हणून नाही. ओळखीचे झालात, म्हणून गरज नाही. मधे जी काही जागा उरते तिथे लिंक्डइनचा सगळा व्यवहार चालतो, आणि अण्णांच्या घरी नेमकी तेवढी जागा नाही. वन रूम किचन आहे.

असे हे अण्णा गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी वर आले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं तब्येतीचं काही आहे.

'मला एक विनंती पाठवायची आहे,' ते हळू आवाजात म्हणाले. 'तिथून.'

भोसरीचा एक वर्कशॉपवाला. १९९१ साली त्याचं स्टडचं कोटेशन अण्णांनी नाकारलं होतं, नगामागे वीस पैशांनी महाग पडलं म्हणून. नियमाप्रमाणे रिग्रेट लेटर गेलं. ज्याला ऑर्डर दिली त्याचा अख्खा लॉट चार महिन्यांनी रिजेक्ट झाला. हे अण्णांना गेली कितीतरी वर्षं डाचत होतं. जुन्या पत्त्यावर कार्ड टाकलं ते शेरा होऊन परत आलं. वर्कशॉप तिथून हललं होतं. आणि परवा 'तुम्ही कदाचित यांना ओळखत असाल'मध्ये तो दिसला. केस गेलेले, पण तोच.

'पण अण्णा, तुमची पाटी? ओळख असल्यास विनंतीची गरज नाही.'

'पत्ता नाहीये रे,' अण्णा म्हणाले. एवढं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मजकूर लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. फुकटच्या खात्याला २०० अक्षरांची मर्यादा, आणि ते यंत्र काना, मात्रा, वेलांटी, सगळं सुटं मोजतं. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढ्यातच २९ गेली. अण्णांना यातलं 'साष्टांग' सोडवेना. शेवटी 'सा. न. वि. वि.'वर तडजोड झाली. 'बघ, आपल्या पूर्वजांनी आधीच व्यवस्था करून ठेवली होती,' ते म्हणाले. खाली मजकूर: '१९९१ साली आपले स्टडचे कोटेशन मी नाकारले होते. आपला माल चांगला होता, हे पुढे कळले. भेटावे असे वाटते.' बटण त्यांनी स्वतः दाबलं, अंगठ्यानं, शाई लावल्यासारखं.

मग रोज सकाळी दुधाच्या वेळी, 'काही?'

'पेंडिंग.'

दुसऱ्या आठवड्यात मी सुचवलं, की विनंती मागेही घेता येते. अण्णा पिशवी हातात धरून थांबले. 'अक्षता टाकून झाल्यावर त्या वेचायच्या?' तिसऱ्या आठवड्यात विचारणं बंद झालं. एकदा फक्त जिना चढता चढता, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'दिवा मालवलेला दिसतोय.'

वहीत त्या दिवसांत एकही नोंद नाही, हे मी नंतर पाहिलं. विनंत्या येत होत्या, उत्तरं जात नव्हती.

पाचव्या आठवड्यात पत्रपेटीत पाकीट पडलं. जाडसर, खाकी, चाकणचा शिक्का. काकूंनी मला हाक मारली. मी गेलो तेव्हा अण्णा खिडकीशी उभे होते आणि टेबलावर दोन कागद होते. एक, १९९१च्या रिग्रेट लेटरची झेरॉक्स. टाइपरायटरचा उडालेला 'र', खाली अण्णांची तरुणपणची सही. दुसरा हातानं लिहिलेला, शब्द जवळजवळ तेच:

'आपली जोडणीची विनंती मिळाली. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत. तथापि तुलनात्मक तक्ता पाहता, आपली ओळख जुनी व पक्की असल्याकारणाने सदर विनंती स्वीकारता येत नाही, याचा खेद वाटतो. आपल्या पत्रानंतर आम्ही मोठ्या कंपनीच्या नादी न लागता स्वतःचा माल काढू लागलो, सबब आपले नुकसान झाले असल्यास ते आपलेच. भविष्यातही आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे. येत्या शनिवारी सहकुटुंब चहास येत आहोत. एक ते चार सोडून.'

अण्णांनी ते मला वाचायला दिलं, मग परत घेतलं, मग पुन्हा दिलं. 'अक्षर बघ,' म्हणाले. 'समास बघ.' काकू शनिवारी शिरा करायचा की थालीपीठ असं विचारत होत्या, ते त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही. चष्मा पुसला. कागद उलटून मागची बाजू पाहिली, उजेडाकडे धरला, पुन्हा सुलटा केला. कपाळावर बारीक आठी आली.

'जावक क्रमांक घातलेला नाही,' अण्णा म्हणाले, आणि खण उघडून पोस्टकार्ड शोधू लागले.